बदली

काउंटरवरच्या माणसाने यादी चष्म्याच्या वरून वाचली,
मग मला वाचलं.
"शाळेचं लेटरहेड आणा, बाई. शिक्का. मुख्याध्यापकांची सही.
आणि पन्नास ग्रॅम प्रिन्सेस स्ट्रीटवर कुणी देणार नाही,
अर्ध्या किलोचा सीलबंद डबा."

लेटरहेड कुठून आणू?
मी घड्याळी तासावरची,
हजेरीपटात नाव पेन्सिलीने.
प्रयोगशाळेची किल्ली कारकुनाकडे,
कारकून मतदारयाद्यांच्या कामावर,
आणि करिष्मा वैती, आठवी ब,
रद्दीतून सोडवलेलं प्रयोगांचं पुस्तक पोटाशी धरून उभी.
पहिली वीस पानं नाहीत.
सावधगिरीच्या सूचना त्यातच असणार.

पण यादी परत देताना त्याने
सगळ्यात लांबलचक नावाखाली रेघ ओढली,
शेजारी गुजरातीत लिहिलं, फटकडी,
आणि दुसरं गिऱ्हाईक ऐकत नाहीसं बघून म्हणाला,
"हजामाकडे."

तुरटी!
ते लांबलचक नाव मी बी.एस्सी.ला दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं.
आणि बाबांच्या गालावरून तुरटी रोज सकाळी फिरायची.
दोन्ही एकच, हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलं असेल,
मी परीक्षेपुरतं ऐकलं.

मग रविवार, घोडपदेव, माझा ओटा.
कोपऱ्यावरच्या सलूनमधून तुरटीचे दोन झिजके खडे.
चुना पानवाल्या मिश्राचा.
"काथ नको, तंबाखू नको, नुसता चुना?"
दोनदा विचारलं त्याने, पैसे घेतले नाहीत.
तो रात्रभर निवळू दिला होता, वरचं पाणी अलगद ओतून घेतलं,
करिष्माने नळीने फुंकर मारली
आणि तिचा श्वास दुधासारखा उतरला पेल्यात.
लिटमसऐवजी देवळातलं निर्माल्य, गोकर्णाची कोमेजली फुलं,
लिंबू पिळताच लाजली.
शुद्ध पाणी बँकेच्या एसीखाली तांब्या लावून,
वॉचमनच्या साक्षीने.

धुण्याचा सोडा कुठे मिळेना,
पावडरींनी त्याला कधीच हुसकावलंय.
म्हणून खायचा सोडा तव्यावर टाकला.
कोरडाच, पण उकळल्यासारखा उसळायला लागला.
"बाई, काय जातंय त्यातून?"
वाफ, आणि तू मघाशी चुन्यात फुंकलास तो वायू.
"आणि उरतं ते?"
ते धुण्याचं.
ती तव्याकडे बघत राहिली.
"माझी आई पण आधी डबे करायची," म्हणाली,
"आता धुणं-भांडी."
मी आच कमी केली.

सगळं जमलं नाही.
जस्ताचा म्हणून आणलेला खिळा भलताच निघाला.
मोरचुदाच्या जागी काय काय घालून पाहिलं,
त्या निळ्याला बदली मिळत नाही.
ते पान दुमडून ठेवलं.

तुरटी मात्र वाढली.
पेन्सिलीला दोरा, दोऱ्याला कण, जॅमची बाटली,
नऊ दिवस मी ओट्यावर मिक्सर लावला नाही.
दहाव्या दिवशी बाहेर काढला तर
आठ तोंडांचा स्फटिक, एक कोपरा बोथट,
आणि आत, अगदी मधोमध,
एक आखूड काळा केस.
पंचाने गाळूनही सुटलेला.

"दुसरा करू या?" मी विचारलं,
सोमवारी कायमच्या बाई रजेवरून येणार
हे दोघींनाही माहीत असून.

तिने तो खिडकीशी धरला,
गोदीकडच्या क्रेन त्यात उलट्या झाल्या.
मग वहीत लिहिलं:
रंग, नाही. चव, घेतली नाही.
अशुद्धी, एक केस,
बहुतेक माझ्या बाबांचा, ते तिथेच दाढी करतात.

खाली शिक्षकांच्या सहीची जागा.
तिने तीच पेन्सिल पुढे केली, दोरा अजून बांधलेला.
मी म्हटलं, थांब,
पेन आण.